नाझिला खानुमची काळी टिकली

आयदीनने त्या दिवशी अख्ख्या प्रयोगशाळेत सगळ्यात मन लावून काम केलं, आणि तिथेच घात झाला.

इराणी नववर्ष तोंडावर आलं होतं. तबरीझमध्ये या दिवसांत रिकाम्या हातानं कुणी दिसत नाही. कुणाच्या खांद्यावर गालिचा, कुणाच्या काखेत पडदे. घर उलटंपालटं करून झटकायचं, धुवायचं, खिडकीच्या फटीतली वर्षभराची धूळ काडीनं उकरायची, तेव्हा कुठे वसंताला आत घ्यायचं. विद्यापीठातली विद्युत-रसायनाची प्रयोगशाळाही यातून सुटलेली नव्हती. प्रमुख डॉ. बारेंजींनी फर्मान काढलं होतं, "सुट्टीवर जाण्याआधी मला इथे माझं तोंड दिसलं पाहिजे." कशात दिसलं पाहिजे, ते सांगायचं राहिलं.

आयदीन हेरीसचा. गालिच्यांच्या गावचा. दर वर्षी वडिलांबरोबर गुडघाभर थंडगार पाण्यात उभं राहून गालिचे घासलेला पोरगा. शरदात तो एम.एस्सी.ला इथे आला, तेव्हापासून आपण छोट्या गावचे आहोत हे कुणाला कळू नये म्हणून दुप्पट काम करायचा, आणि त्यावरूनच सगळ्यांना ते कळायचं. त्यानं आधी खिडकीची कड पुसायला घेतली. कडेवर बाटल्या होत्या. त्या उचलून मोरीजवळच्या ट्रेमध्ये ठेवल्या. ट्रेमध्ये आधीच दहा-बारा बाटल्या होत्या, तशाच, सारख्याच, आणि ओल्या हातानं उचलल्यामुळे चिठ्ठ्यांवरची शाई पसरली होती. त्यातल्या काहींत इलेक्ट्रोड बुडवलेले होते. आयदीनने ते सगळे काढून ओळीनं मांडले.

इलेक्ट्रोड म्हणजे दिसायला पेनाएवढी पांढरी कांडी, आणि तिच्या टोकाला काळ्या, काचेसारख्या कार्बनची टिकली. प्रयोगशाळेत असे इलेक्ट्रोड मोजकेच. नवीन मागवावेत तर देशावरच्या निर्बंधांमुळे येत नाहीत, आले तर सोन्याच्या भावानं. त्यामुळे इथला रिवाज असा की टिकली मळलेली दिसली की ज्याच्या नजरेला पडेल त्यानं घासून ठेवायची, पुढच्याला तयार मिळाली पाहिजे. मऊ कापडावर पांढऱ्या पुडीचं ओलं गंध करायचं आणि त्यावर टिकली फिरवायची. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, आपला आठ नव्हे. गोल फिरवली की एका अंगानं झिजते. हे आयदीनला शरदातच शिकवलं होतं. कुणी, ते पुढे येईलच.

एकेक टिकली आरशासारखी होत गेली. एक मात्र फारच मळलेली निघाली. चकाकी नावालाही नाही. तव्याच्या बुडासारखी मंद काळी. आयदीनने तिला सगळ्यांत जास्त वेळ दिला. मग वर तिचा जोडीदारही धुतला. मोजमापाला इथे दोन पाय लागतात, एक टिकलीचा आणि दुसरा तुलनेचा. या दुसऱ्याला सगळे 'खुंटा' म्हणत, कारण सगळे आकडे त्याच्या दाव्याला बांधलेले. खुंट्यातलं जुनं, गढूळ क्षाराचं पाणी त्यानं ओतून दिलं, स्वच्छ भरलं. आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला. डॉक्टरसाहेबांना तोंड दिसण्याची सोय झाली होती.

दुपारी शाळा सुटल्यावर नाझिला खानुम आल्या.

नाझिला खानुम, म्हणजे नाझिलाबाई, मुलींच्या शाळेत रसायन शिकवायच्या, आणि दुपारनंतर इथे स्वतः विद्यार्थिनी व्हायच्या. चाळिशी ओलांडलेली, बाहीवर कायम खडूची पूड, पिशवीत कायम स्वतःचा चमचा. पदवीनंतर लग्न, मुलगी, नोकरी, आणि मुलगी चांगली मोठी झाल्यावर प्रवेशपरीक्षा देऊन पीएच.डी. प्रयोगशाळेतली पोरं त्यांना घाबरत नसत, पण त्यांच्यासमोर सिगारेटचं नाव काढत नसत. त्यांचं माहेर सुफियानकडचं. तिथे सफरचंदाच्या बागा, बागांत पोत्यानं खत, आणि खताचं नायट्रेट मुरून मुरून विहिरीत. तान्ह्या बाळांना विहिरीचं पाणी देऊ नका, असं एका उन्हाळ्यात गावात सांगितलं गेलं. पण कुठल्या विहिरीचं, ते शहरातून तपासून येईपर्यंत हिवाळा लागला. नाझिला खानुमना एवढंच हवं होतं की बुडवलं आणि कळलं, असं काहीतरी गावात असावं.

म्हणून त्यांनी टिकलीवर वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा थर चढवला होता. पायरोल नावाचा द्रव पाण्यात घालायचा, सोबत नायट्रेटचा क्षार, मग टिकलीतून हळूहळू वीज सोडायची. थर वाढताना प्रत्येक कणाशेजारी नायट्रेटला बसायला जागा धरून ठेवतो, मग पुढे कुठल्याही पाण्यातलं नायट्रेट त्याला ओळखू येतं. थर चांगला झाला होता. लेख परदेशी नियतकालिकाला गेला होता. परीक्षकानं एकच प्रश्न विचारला: टिकतो किती? आणि तो लेख छापून आल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध ऐकून घेणार नव्हतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती. वसंताचं सत्र संपलं की नाव कमी.

तेव्हापासून ती एक टिकली बाटलीत बुडवून खिडकीच्या कडेवर ठेवलेली. दर शनिवारी नाझिला खानुम तिचा आकडा घ्यायच्या, आणि घेताना तिच्याशी बोलायच्या. "उठा बाईसाहेब. कशा आहात? झोप झाली?" हिवाळ्याच्या शेवटापर्यंत बाईसाहेब ठणठणीत होत्या. मग गेले काही शनिवार आकडे घसरायला लागले. आता थर म्हातारा झालाय की खुंटा हललाय, हे कळायला मार्ग एकच होता: नवा खुंटा. तो मशहदहून एका मैत्रिणीनं पाठवला होता. आज तो पिशवीत होता, रुमालात गुंडाळलेला.

"आयदीनजान, माझी बाटली कुठे सरकवलीस?"

"ट्रेमध्ये आहेत खानुम सगळ्या, धुऊन."

"धुऊन?"

पलीकडे फरामर्झ बसला होता, पीएच.डी.चा जुना विद्यार्थी, प्रयोगशाळेचा बिनपगारी विदूषक. त्यानं मान वर केली, ट्रेकडे पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. त्यावरून आयदीनला कळलं.

नाझिला खानुमनी ओळीतला एक इलेक्ट्रोड उचलला, ठेवला. दुसरा उचलला. कांडीवर त्यांनी नखानं एक खूण केली होती, ती पाचव्यावर सापडली. उजेडाकडे धरून त्यांनी टिकलीत पाहिलं. टिकलीत त्यांचा डोळा दिसला असणार.

"छान चकाकतेय," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं तसा आठचाच आकडा काढलास ना?"

"हो," आयदीन म्हणाला. मग त्याच्या तोंडून, कुणी विचारलं नसताना, हेही निघालं, "खुंटाही धुतला."

"अरे गाढवा," फरामर्झ हळूच म्हणाला, "मुडदा तर घालवलास, वर साक्षीदारालाही न्हाऊ घातलंस."

नाझिला खानुमनी रुमालातला नवा खुंटा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा रुमालात गुंडाळला. चहाला पाणी ठेवलं. ओरडल्या असत्या तर आयदीनला सोपं गेलं असतं. हेरीसमध्ये चूक झाली की आधी वडील ओरडतात, मग काका, मग सगळे जेवायला बसतात. इथे कुणी ओरडेना, त्यामुळे जेवायलाही बसता येईना.

डॉ. बारेंजी आले. माणूस वाईट नव्हता. फक्त पुष्कळ वर्षं नोकरीत होता.

"हे बघा खानुम," ते म्हणाले, "शेवटचे जे घसरलेले ठिपके आहेत ते गाळा. त्याआधीची रेष तर सरळ आहे. तिथपर्यंतच मोजलं म्हणायचं."

"पण मी तर पुढेही मोजलंय."

"कुणाला माहीत आहे?"

"मला. शाळेत पोरींनी असं केलं तर मी त्यांच्या आईबापांना बोलावते, डॉक्टर. माझे तर दोघेही गेले. तुम्ही कुणाला बोलावणार?"

डॉ. बारेंजी हसले, पण चष्मा पुसत. मग म्हणाले, "नवा थर चढवा. कोमट पाण्यात ठेवा. ऊब मिळाली की म्हातारपण लवकर येतं. थोड्या दिवसांत पुष्कळ दिवसांचं कळेल. पूर्ण नाही, पण काहीतरी परीक्षकापुढे ठेवता येईल."

नव्या थराला पायरोल हवा. फ्रिजमधली बाटली काढली तर आतला द्रव चहासारखा तपकिरी. ताजा पायरोल पाण्यासारखा असतो. हवा नि उजेड लागला की बिघडतो. ऊर्ध्वपातनाला लावला, तर भांड्यात तळाशी डांबर आणि पुढे दोन थेंब. नवी बाटली वर्षभरापूर्वी मागवलेली होती, ती दुबईच्या गोदामात कुणाच्या तरी सहीची वाट पाहत होती.

पायरोल होता तो अंगणापलीकडच्या इमारतीत, डॉ. ओस्कुईंकडे. नाझिला खानुम आणि आयदीन दोघं गेले. आयदीन बाटली धरायला.

डॉ. ओस्कुई म्हणजे जुन्या वळणाचे गृहस्थ. आधी बसवलं, चहा मागवला, खडीसाखर पुढे केली, सुफियानच्या सफरचंदांची चौकशी केली. मग काम ऐकल्यावर उठून स्वतः फ्रिजपाशी गेले. कागदात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"अख्खी न्या. तुमचीच आहे."

"छे छे, डॉक्टर, तुम्हाला लागेल."

"मला कशाला लागतेय? तुमच्या पायाची धूळ आमच्या प्रयोगशाळेला लागली, यातच सगळं आलं. न्या."

"नको, खरंच नको. आम्ही आपलं सहज विचारलं."

आता हे काही खरं नकार देणं नव्हे, हे तबरीझमधलं शेंबडं पोरही सांगेल. दोनदा नको म्हणायचं असतं. समोरच्यानं तिसऱ्यांदा म्हणायचं असतं, आणि मग आपण, अगदी तुमचा मान मोडवत नाही म्हणून, घ्यायचं असतं. नाझिला खानुमनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि तिसऱ्याची वाट पाहत बसल्या. आणि डॉ. ओस्कुईंचा फोन वाजला. सूनबाईंचा होता. नववर्षाला कोण कुठून येणार, किती भाताचं करायचं, कुणाला कुठे झोपवायचं. बोलता बोलता डॉक्टरांनी बाटली उचलली, आणि मोकळ्या हातानं ती फ्रिजमध्ये परत ठेवून दार लावलं. फोन संपल्यावर म्हणाले, "हां, तर सफरचंदांचं काय म्हणत होतात?"

चहा संपवून दोघं रिकाम्या हातानं जिना उतरले.

"तिसऱ्यांदा म्हणाले असते तर घेतली असती," नाझिला खानुम म्हणाल्या.

"मग मागा ना सरळ, खानुम!"

"आता कसं मागू? दोनदा नको म्हणालेय."

त्या जिन्यावरच थांबल्या. आयदीनला वाटलं रडताहेत. बघतो तर हसत होत्या, कठड्याला धरून. मग हसणं थांबलं आणि त्या नुसत्याच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पीएच.डी. जात होती, गावच्या विहिरी जात होत्या, आणि मधे आडवं काय आलं, तर सभ्यता.

दुसऱ्या दिवशी आयदीन एकटाच गेला. छोट्या गावच्या माणसाला एक सोय असते: त्याच्याकडून कुणी फार सभ्यतेची अपेक्षा ठेवत नाही. तो दारातच म्हणाला, "डॉक्टर, काल खानुम लाजल्या. मला पायरोल द्या."

डॉ. ओस्कुई उठून फ्रिजपाशी गेले. मग अंगठ्याएवढ्या कुपीत त्यांनी ओतून दिलं, काळ्या कागदात गुंडाळून. "तुमची बाटली आली की एवढंच परत करा," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच दचकून, "नाही नाही, परत कसलं! असं कुठे असतं?" म्हणजे परत करायचं होतं. दोघांनाही ते कळलं होतं.

थर चढवताना आयदीन शेजारी उभा होता. निवळ द्रव, त्यात उलटी बुडवलेली टिकली, आणि पडद्यावर विजेची रेघ एकेका फेऱ्याला जरा जाडजूड होत जाणारी, जशी जत्रेतल्या पाळण्याला गती येते. टिकलीच्या कडेकडून काळं आत सरकत आलं. नाझिला खानुम या वेळी बोलल्या नाहीत. ना टिकलीशी, ना आयदीनशी.

मग सुट्टी लागली. विद्यापीठाच्या इमारतीला कुलूप. कोमट पाण्याचं यंत्र आत, वीज बंद. पहारेकऱ्यापुढे नाझिला खानुमनी गयावया केली, तो बिचारा उभा राहून ऐकत राहिला, "खानुम, किल्ली माझ्याकडे असती तर मीच उघडून दिलं नसतं का?" शेवटी बाटली पिशवीतून घरी गेली.

नववर्षाच्या भेटीगाठींत धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचं असतं. आयदीनला जावंसं वाटत नव्हतं, आणि न जाणं शक्य नव्हतं. मिठाईचा डबा घेऊन तो गेला. दार उघडलं ते नाझिला खानुमच्या नवऱ्यानं. चपलांचा कारागीर, हाताला चामड्याचा वास, मिशीत हसू.

"या या! तुम्हीच ना ते सफाईवाले?"

"रहीम!" आतून आवाज आला.

"अगं, कौतुकच करतोय. आमच्या घरी का नाही आलात हो आधी? माडीवरच्या खिडक्या राहिल्यात." मग त्याला आत नेत, आवाज खाली आणून, "बसा. यंदा आमच्याकडे दोन समोवार आहेत. एक चहाचा, एक डॉक्टरकीचा. दुसऱ्याला हात लावू नका, मारतात."

कोपऱ्यात चहाचं पाणी तापवायचा विजेचा जुना समोवार अगदी मंद ठेवलेला. वर किटलीच्या जागी पाण्याचं वाडगं, वाडग्यात तापमापी आणि गळ्यापर्यंत बुडालेली बाटली. पाहुण्यांपैकी एक काकू दर वेळी विचारायच्या, "हे काय शिजतंय?" आणि रहीम आगा सांगायचे, "प्रबंध." काकू म्हणायच्या, "अजून कच्चाच आहे का?" सगळे हसायचे. नाझिला खानुमही हसायच्या, आणि हसता हसता उठून तापमापी बघून यायच्या. रात्री झोपमोड करून बघतात, असं मुलीनं हळूच सांगितलं. आयदीनने दातांत साखरेचा खडा धरला आणि चहा निवेपर्यंत तो तसाच धरून बसला.

सुट्टी संपल्यावर प्रयोगशाळेत बाटली उघडली. थर एका बाजूनं सुटला होता. दुधावरची साय बोटाला यावी तसा, टिकलीच्या कडेवरून तरंगत. मोजायला काही उरलं नव्हतं.

"उबेनं सुटला," फरामर्झ म्हणाला. "खिडकीतला सुटला नसता."

"कशावरून?" नाझिला खानुम म्हणाल्या.

खिडकीतली टिकली खरंच म्हातारी होत होती, की ठणठणीत होती आणि खुंटा खोटं बोलत होता, हे सांगू शकणारे दोघेच होते, आणि दोघांनाही आयदीनने घासून पुसून लख्ख केलं होतं. आता हे कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. पुढे कितीही थर चढवले तरी ते दुसऱ्या थरांबद्दल सांगतील. त्या थराबद्दल नाही.

"खानुम, मी परीक्षकाला पत्र लिहितो," आयदीन म्हणाला. "माझी चूक म्हणून."

"काय लिहिशील? की आमच्याकडे वसंत येणार होता?"

त्यांनी जे होतं ते पाठवलं. सरळ रेष, मग घसरण, मग एक वाक्य: कारण निश्चित करता आलं नाही. नियतकालिकाचं उत्तर अत्यंत सभ्य भाषेत आलं. पुढच्या कामासाठी शुभेच्छा दिल्या होत्या. डॉ. बारेंजी विभागात भांडले, खरोखर भांडले, आयदीनने दाराबाहेरून ऐकलं. पण समितीपुढे मुदतीचा नियम होता, आणि नियमासमोर बसलेल्या माणसांनाही तो मोडता येत नव्हता. सत्र संपलं. नाव कमी झालं.

शेवटच्या दिवशी नाझिला खानुमनी खण रिकामा केला. चमचा पिशवीत टाकला. मशहदचा खुंटा आयदीनच्या टेबलावर ठेवला, रुमालासकट.

"मला माफ करा," आयदीन म्हणाला. एवढ्या दिवसांत त्यानं हे कितीदा म्हटलं होतं, त्याला मोजता आलं नसतं.

"केलं रे बाबा. कधीच केलं." त्या ओढणी नीट करत म्हणाल्या. "पण माफ केलं म्हणून पोट भरतं का माझं? तसं भरत नाही, बघ." आणि बाहेर जाताना, अगदी सहज, "खिडकी पुसलीस तर बाटल्या डावीकडे सरकव. उजवीकडे ऊन लागतं."

त्या आता शाळेतच असतात. पूर्ण वेळ. रहीम आगा बाजारात भेटले की म्हणतात, "बायको आता दुपारची घरी असते हो. मला सवय नाही." आणि चपलेचा अंगठा दाबून बघत राहतात.

शरदात डॉ. ओस्कुई आयदीनला मोठ्या जिन्यावर भेटले. फरामर्झ आणि तो लवाशच्या पातळ रोटीत कुस्करलेला बटाटा-अंडं खात उभे होते. आयदीनने घास गिळला, हात मागे लपवला.

"काय म्हणताय? ठीक? नाझिला खानुम कशा आहेत?"

"शाळेत असतात, डॉक्टर."

"हां. हां. ऐकलं मी." ते एक पायरी उतरले, थांबले. "तुमची बाटली आली का दुबईहून?"

"नाही आली अजून."

"असू दे, असू दे. मी आपलं सहज विचारलं. काय घाई आहे?"

"आली की लगेच आणून देतो. कुपीभर."

"छे, छे! त्याचं काय एवढं!"

डॉक्टर उतरून गेले. फरामर्झ म्हणाला, "दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा काय म्हणतात बघू." आयदीनने उरलेला लवाश गुंडाळून खिशात घातला. हल्ली तो मागच्या जिन्यानं ये-जा करतो.